कोर्टाला न सांगितलेलं इंजिन

मी रहाट. माहीमच्या पानमळ्यातला. माहीम म्हणजे मुंबईतलं नव्हे. पालघरहून समुद्राकडे निघालात की केळव्याच्या शेजारी लागतं ते. माझा आवाज करकरीत वाटेल, पण तो जन्मापासून तसाच आहे. बोलण्यात कडवटपणा आला तर मात्र त्याला कारण आहे. ते कारण लोखंडाचं आहे, हिरव्या रंगाचं आहे आणि डिझेल पितं.

मळ्याचा मालक कृष्णकांत. त्याच्या वडिलांनी मला करवून घेतलं. अंगाला साग, दात्यांना खैर. सुतार आमच्या अंगणात राहूनच काम करत होता. एक चाक आडवं, एक विहिरीवर उभं, आणि उभ्या चाकावर मातीच्या गाडग्यांची लांब माळ. बैल दांडी ओढत गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पन्हळीत रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं थेट पानवेलींच्या मुळाशी जायचं. मी करकरायला लागलो की आळीतल्या बाया चूल पेटवायच्या. माझ्या आवाजाचा कुणाला त्रास झाल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

नर्मदा कृष्णकांतची बायको होऊन या घरात आली ती केळव्याहून. तिला मळ्याचं काम शिकवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी तिनं विहिरीजवळ येऊन पायातल्या चपला माझ्या खांबापाशी काढल्या. आमच्याकडे तसा रिवाजच आहे. पानवेल फार मानी, तिच्या वाफ्यात चपला घालून कुणी जात नाही. घरचा असो, मजूर असो, पाहुणा असो, चपला बाहेर.

बैलामागे ती दांडीवर हात ठेवून चालायची. हातात माहेरच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. त्या दांडीवर ठक ठक वाजायच्या. वर्षानुवर्षं वाजून वाजून त्या जागी माझ्या लाकडाला खळगा पडला. माझ्या आसाला करंजाचं तेल घालायचं तेही तिनंच, बोटानं, हळूहळू. खरं सांगायचं तर मला वाटायचं, ही माझ्यासाठीच या घरात आली आहे.

मग एक दिवस कृष्णकांत पालघरहून आला तो इंजिनाचं वेड घेऊन.

"सरकारी कर्ज देतायत," तो विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणाला. "पण निम्मे पैसे आपले घालायला लागतात. ते कुठून आणू?"

नर्मदेनं बैल थांबवला. हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या.

"ह्या घ्या. रोजची पायपीट तरी वाचेल."

पायपीट. इतकी वर्षं माझ्याबरोबर चालली ती तिला पायपीट वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं. ते मला फार लागलं. आणि ज्या पाटल्या माझ्या अंगावर वाजल्या, त्याच विकून माझा वैरी आणला जाणार होता.

इंजिन बैलगाडीतून आलं. त्याची मिजास काय सांगू! इंदुबाईंनी, म्हणजे कृष्णकांतच्या आईनं, त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला बसवलं तेव्हा गूळ वाटला होता, नारळ फोडला नव्हता. मी विसरलेलो नाही. इंजिनानं एकदा खाकरून धूर सोडला आणि फटफट करत पाणी असं ओतायला लागलं की पाट फुटायची वेळ आली. सगळे टाळ्या वाजवत होते. नर्मदा हसत होती. माझ्याकडे पाहून ती तशी कधी हसली नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात ते बंद पडलं. हँडल मारून मारून कृष्णकांतचा खांदा भरून आला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण बोईसरहून मिस्त्री आला, त्यानं काहीतरी पिळलं आणि ते पुन्हा बोंबलायला लागलं. बैल विकला गेला. मला काढायला मजुरी पडेल म्हणून तसंच ठेवलं. कोंबड्या माझ्यावर झोपायला लागल्या. चपला मात्र अजून माझ्याच खांबापाशी निघत होत्या. तेवढा मान इंजिनाला मिळाला नव्हता. मी तो धरून बसलो.

इंजिनाच्या पाण्यावर मळा दुप्पट झाला. त्याच सुमारास तारापूरला अणुवीजकेंद्राचं काम निघालं. कुठकुठली माणसं आली, बोईसर स्टेशनच्या बाहेर पानाच्या टपऱ्या लागल्या. कृष्णकांतनं पानांच्या करंड्या तिकडे न्यायला सुरुवात केली. पैसा आला. येण्याजाण्याला बरं पडतं म्हणून बोईसरला भाड्यानं खोली घेतली. मग तो चार दिवसांनी घरी यायचा, मग आठ दिवसांनी.

करंड्या वाहून नेणारा जिवल्या आमच्याकडे फार वर्षांपासून कामाला. एकदा तो माझ्या दांडीवर टेकून विडी ओढत होता. नर्मदा पानं खुडून बाहेर आली.

"बाय," तो खाली बघत म्हणाला, "बोईसरच्या खोलीत एक बाय हाय. शेटची भाकरी तीच करते. मला सांगायला बरा नाय वाटत, पण तुमाला दुसरा कोण सांगनार?"

 नर्मदेच्या हातातली पानं खाली पडली नाहीत, ती नीट करंडीत गेली. कृष्णकांत घरी आल्यावर तिनं विहिरीवरच विचारलं. त्यानं नाकारलंही नाही.

"तुला खायला कमी हाय काय? राहायचं तर गप राहा. नायतर केळवा काय लांब नाय."

ती निघाली. माझ्या मनात आलं, आम्ही दोघं आता एकाच रांगेतले. मलाही नव्यासाठी बाजूला सारलं, तिलाही. आता तरी ती माझ्याजवळ येईल, घटकाभर बसेल. ती विहिरीवर आलीही. चपला घातल्या, आणि माझ्या अंगावरून पुढे जाऊन इंजिनावर हात ठेवला.

"हे माझ्या पाटल्यांचं हाय," ती इंदुबाईंना म्हणाली. "एवढं ध्यानात ठेवा, आई."

इंदुबाईंनी मान हलवली. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.

तिचा धाकटा भाऊ पंढरी तिला ठाण्याच्या कोर्टात घेऊन गेला. आमच्या आळीत कोर्टाची पायरी चढलेली बाई तोवर कुणी पाहिली नव्हती. तिनं घटस्फोट मागितला आणि पोटगी मागितली. कोर्टात काय झालं ते मला विहिरीवर बसणाऱ्यांच्या तोंडून कळायचं. कोर्टानं कृष्णकांतला एवढंच सांगितलं की, तुमची मिळकत काय, वाडी किती, पानांचं उत्पन्न किती, यंत्रसामग्री कोणती, हे सगळं शपथेवर लिहून द्या. त्यावरून बाईची पोटगी ठरवू.

कृष्णकांतचे वकील पालघरचे. भला माणूस. ते मुद्दाम मळ्यावर आले.

"जे आहे ते लिहून द्या," ते म्हणाले. "आकड्यावरून भांडता येतं. पण काही लिहूनच दिलं नाहीत, तर मला तोंड उघडायला जागा राहत नाही."

"माझ्या घरातलं कोर्टाला कशाला सांगू?" कृष्णकांत म्हणाला. "नांदायचं नाय, आणि वर हिशेब मागायचा?"

"हुकूम बाईचा नाही, कोर्टाचा आहे."

"मग सांगा कोर्टाला, मर रोग लागला, मळा बसला. काही उरलं नाय. नाय त्याचं काय लिहून देऊ?"

वकिलांनी इंजिनाकडे पाहिलं. ते तेव्हा फटफट चालू होतं, त्यामुळे दोघांना ओरडून बोलावं लागत होतं.

तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला कृष्णकांतला काही ना काही व्हायचं. कधी ताप, कधी आईचं दुखणं. इंदुबाई त्या वेळी माझ्या शेजारी बसून खणखणीत आवाजात कोंबड्या हाकलत असायच्या. कोर्टानं दंड केला. दंड भरला, पण कागद दिला नाही. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, ही अखेरची मुदत, आणि मळा खरंच बसला की नाही ते बघायला कमिशनर पाठवतो.

मग कृष्णकांतनं जी तयारी केली ती मला डोळ्यांनी बघावी लागली. वाडीभोवती झापांचं उंच कुंपण, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचं. आतलं बाहेर दिसत नाही. त्यानं दारालगतच्या तेवढ्या वेलींचं पाणी तोडलं. त्या वाळून कोळ झाल्या. आत मागे सगळा मळा हिरवागार. इंजिनावर झापं रचली, त्यावर शेणी. आणि मग तो माझ्याकडे वळला. विहिरीतून पाणी काढायचं काही साधनच नाही असं दाखवायचं होतं ना! त्यानं काठी घेतली आणि माझ्या माळेतली गाडगी एकेक करून फोडली.

"कृष्णा, त्याला हात लावू नको," इंदुबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानं बसवलाय."

"आई, त्याचा काय उपयोग हाय आता?"

दात्यांवरही त्यानं दोन घाव घातले. ज्याचा मी इतकी वर्षं द्वेष केला, त्याला लपवायला मला मोडलं. इंजिन झापांखाली ऊब घेत सुरक्षित, आणि माझी खापरं विहिरीत. मला तेव्हा इंजिनाचा जितका राग आला तितका कृष्णकांतचाही आला नाही.

कमिशनर म्हणजे ठाण्याचेच एक तरुण वकील. पायात काळे बूट, लेस बांधलेले. बरोबर बेलीफ, नर्मदा आणि पंढरी. नर्मदा फार दिवसांनी या विहिरीवर येत होती. ती बारीक झाली होती. हातात काचेच्या बांगड्या.

"बघा साहेब," कृष्णकांतनं झापांचं दार उघडलं. "सगळं गेलं."

वाळलेल्या वेली समोरच होत्या. साहेबांनी पाहिलं, लिहून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. "रहाटही मोडका," असं म्हणत तेही लिहिलं. माझ्याविषयी कोर्टाच्या कागदावर आलेलं ते एकच वाक्य. नर्मदेचा चेहरा उतरला. साहेब परत फिरतील असं वाटत होतं. पण माणूस नेमका होता. आत थोडं बघून घेतो म्हणाला आणि दारातून एक पाऊल वाफ्याकडे टाकलं.

"साहेब, बूट बाहेर काढा," कृष्णकांत म्हणाला.

त्यानं विचार करून म्हटलं नाही. लहानपणापासून प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक मजुराला तो हेच म्हणत आला होता. बापानं शिकवलेलं आपसूक तोंडातून गेलं. गेलं आणि तो जागच्या जागी थिजला. पंढरीनं हसू लपवायला तोंड फिरवलं. इंदुबाई ओटीवरून बघत होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आपले निमूट लेस सोडले, मोजे काढले आणि बूट माझ्या खांबापाशी ठेवले. मग अनवाणी आत गेले. वाळलेल्या रांगेपलीकडे त्यांचा पाय घोट्यापर्यंत गार चिखलात गेला.

"इथं ओल कशी?"

 ते पाय काढून उभे राहिले आणि त्यांनी नर्मदेला विचारलं, "बाई, बूट का काढायला सांगितले?"

"पानवेल जिती असली की काढतात, साहेब," ती म्हणाली. "मेलेल्या मळ्यात आमी गुरं सोडतो."

साहेब ओलीच्या मागे चालत गेले. हिरव्या वेलींतून पाटाला लागले, पाट धरून विहिरीच्या मागे आले. शेणी बाजूला केल्या, झापं उचलली. सकाळीच पाणी दिलेलं होतं. वेलीची पाण्याची पाळी चुकवता येत नाही, आणि तेवढी काळजी कृष्णकांतला होतीच. साहेबांनी इंजिनावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"हे कुणाचं?"

"शेजाऱ्याचं," कृष्णकांत म्हणाला.

"याच्यात माझ्या पाटल्या हायत," नर्मदा म्हणाली.

मी आनंदानं वेडा झालो होतो. आता याची उचलबांगडी होणार, ही परत येणार, नवी गाडगी बांधणार. मी असं सगळं रंगवून ठेवलं.

पुढे ठाण्याला जे झालं ते वकिलांनी येऊन सांगितलं. कृष्णकांतनं शेवटच्या तारखेलाही कागद दिला नाही. आता खरं लिहावं तर आधीचं खोटं पडत होतं. न्यायाधीशांनी त्याची कैफियतच काढून टाकली. म्हणजे त्याची बाजू ऐकायचीच नाही. नर्मदेला घटस्फोट मिळाला. आणि पोटगी ठरवताना ते म्हणाले, जो आपली मिळकत सांगत नाही, त्याची मिळकत समोरची बाजू सांगते तीच खरी धरायची. नर्मदेनं तर पुऱ्या पिकाचं उत्पन्न सांगितलं होतं. ती पोटगी वाडीवर बोजा म्हणून चढली.

"अपील करू," कृष्णकांत म्हणाला.

"केलंत तरी पहिला प्रश्न तोच येईल," वकील म्हणाले. "तपशील कुठं आहे?"

त्यानं अपील केलं. पहिला प्रश्न तोच आला.

पोटगीही त्यानं भरली नाही. माणूस एकदा हट्टाला पेटला की पेटला. नर्मदेनं दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावली. तिचा वकील म्हणाला, याला दिवाणी तुरुंगात टाकता येईल, पण तिथला त्याच्या जेवणाचा भत्ता आधी तुम्हाला भरावा लागेल. हे पंढरीनं पुढे हसत हसत जिवल्याला सांगितलं. नर्मदा म्हणाली होती, "घरात असताना वाढलंच की. आता तुरुंगातबी मीच वाढू? मला त्याचं इंजिन द्या."

बेलीफ आला आणि इंजिनाला सील लावून गेला. लिलाव होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. चैत्र सुरू झाला होता.

पानवेल उन्हाळ्यात थांबत नाही. चार दिवसांत पानं मान टाकायला लागली. तेव्हा कृष्णकांत माझ्यापाशी आला. दोरीला तेलाचे रिकामे डबे बांधले, माझ्या चाकावर चढवले. बैल नव्हता, उधार द्यायला कुणी तयार नव्हतं. त्यानं दांडीला स्वतःचा खांदा लावला. मी फिरलो. पण माझे दाते त्यानंच मोडले होते. थोडं फिरलं की चाक सटकायचं आणि भरलेले डबे खाली जायचे. जिवल्यानंही खांदा लावला. शेवटी दोघं कठड्यावर बसून धापा टाकत राहिले.

"शेट," जिवल्या म्हणाला, "ही गाडगी तवा नाय फोडायला पायजे होती."

मळा बसला. जे त्यानं कोर्टाला सांगायला लावलं होतं, तेच झालं. हिरव्या वेली काळ्या पडल्या आणि जिवल्यानं एके सकाळी आत गुरं सोडली. चपला काढायचं कारण उरलं नाही. माझ्या खांबापाशी आता कुणी थांबत नव्हतं.

लिलाव विहिरीवरच झाला. बेलीफानं ओरडून सांगितलं, "इंजिन एक. मोडका रहाट एक." नर्मदेनं कोर्टाची परवानगी काढून आणली होती. थकलेल्या पोटगीतून वळतं करून दोन्ही तिनंच घेतलं. गावातल्या कुणी तिच्यावर चढती बोली लावली नाही. कृष्णकांत ओटीवर पाठ करून बसला होता. इंदुबाई मात्र खाली आल्या, इंजिनाला लावलेलं हळदकुंकू पुसट झालं होतं त्यावरून त्यांनी पदर फिरवला आणि म्हणाल्या, "ने. तुझंच हाय."

पंढरीनं माझ्याकडे बोट केलं. "ताई, याचं काय करायचं?"

ती माझ्याजवळ आली. दांडीवरून हात फिरवला. फिरवता फिरवता बोट त्या खळग्यात जाऊन थांबलं, पाटल्यांनी पाडलेल्या. मी श्वास रोखला. लाकडाला जमतो तितका.

"लाकूड दणकट हाय," ती म्हणाली. "इंजिनाच्या खाली घालू."

तर आज मी केळव्याला आहे. नर्मदेनं खंडानं जमीन घेतली, नवा पानमळा लावला. माझ्या सागाच्या दांडीचे दोन ओंडके कापून इंजिनाची बैठक केली आणि त्यावर त्याला बोल्टानं आवळलं. ते दिवसभर माझ्या अंगावर थरथरतं, तेल गाळतं. बंद पडत नाही, कारण नर्मदा त्याला कधी उपाशी ठेवत नाही. सकाळी ती येते, हँडल मारते. तिच्या हातात अजून काचेच्याच बांगड्या आहेत. पोटगी आता येते. कृष्णकांत तारापूरला कंत्राटदाराकडे मुकादम आहे आणि तिथं पगारातूनच ती कापली जाते. पुढच्या दसऱ्याला पाटल्या करायच्या असं ती पंढरीला म्हणाली. त्या वाजतील त्या हँडलवर. मला ठाऊक आहे आणि मला ते सहन होत नाही.

पण मळ्यात शिरण्याआधी ती चपला काढते, आणि ठेवते त्या बैठकीच्या पुढे आलेल्या टोकावर. ते टोक माझं आहे. त्या टोकाला अजून तो खळगा आहे.

तुम्ही कधी केळव्याला आलात, तर तुम्हीही चपला तिथंच काढा. इंजिन म्हणेल, जागा माझी आहे. त्याचं ऐकू नका.